साक्षर की नुसते कळदाबे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन माझ्या कचेरीत आल्या. दाखला मीच महिन्यापूर्वी दिला होता. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "फादर, मी जन्मले तेव्हा ओटीपर्यंत पाणी आलं होतं असं आई सांगायची. मे महिन्यात एवढा पाऊस कुठला हो?"

दाखल्यावर जन्मतारीख होती ८ मे १९३८. मी कपाटातून जुनी नोंदवही काढली. त्या काळच्या धर्मगुरूंच्या वळणदार अक्षरात तेथे स्वच्छ लिहिले होते : ५ ऑगस्ट १९३८. दाखल्यावर सही माझी होती.

हा प्रकार घडला कसा, ते सांगितले पाहिजे, कारण या लेखाचा सारा विषय त्यात आला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरवण्याचे काम हाती घेतले. कॅनन लॉच्या ५३५ व्या कलमाने बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवणे धर्मग्रामावर बंधनकारक केले आहे आणि जुन्या वह्या जपण्याची आज्ञाही त्याच कलमात आहे. कागद पिवळा पडत होता, कसर लागत होती. धर्मग्रामातील सहा महाविद्यालयीन मुले-मुली आनंदाने पुढे आली. सर्वांनी प्रथम वर्षाला संगणकाचा विषय घेतलेला, सर्व जण उत्तम गुणांनी उत्तीर्ण. मी रविवारच्या मिस्सेत त्यांचे जाहीर कौतुकही केले.

मुलांनी तारखा आपल्या पद्धतीने टंकित केल्या : ०५/०८/१९३८. यंत्राची मांडणी मात्र अमेरिकी पद्धतीची होती. तेथे महिना आधी येतो, दिवस नंतर. यंत्राने ती तारीख आठ मे अशी वाचली आणि तशीच साठवली. २३/०८/१९३८ अशी तारीख आली की तेविसावा महिना नसल्यामुळे यंत्र गोंधळे आणि तिला तारीख न मानता साधा मजकूर म्हणून ठेवून देई. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलट्या झाल्या आणि उरलेल्या तारखा राहिल्याच नाहीत. वर्षातील अशा १४४ दिवसांपैकी १/१, २/२ असे बारा दिवस तेवढे बचावतात. बाकीच्या १३२ दिवसांत जन्मलेल्या प्रत्येकाचा वाढदिवस आमच्या संगणकाने बदलून टाकला.

एक्सेलने याची सूचना दिली नव्हती असेही नाही. तारीख असली की ती चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. तेव्हा एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे अशा स्पष्ट दिसत होत्या. हे पाहून मुलांनी काय केले असेल? रकाना ओबडधोबड दिसतो म्हणून त्यांनी तो संपूर्ण रकाना मध्यावर आणला! सुबक मांडणी कशी करावी, हे त्यांना शिकवलेले होते. मांडणी बिघडते तेव्हा आत काहीतरी बिघडले असावे, हा संशय घ्यायला कोणी शिकवले नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील नोंदींची गत तर विचारू नका. एक्सेल दिवस मोजते ते १ जानेवारी १९०० पासून. त्यापूर्वीची तारीख त्याच्या लेखी तारीखच नव्हे. त्यामुळे क्रम लावताच १८७१ च्या वडिलांच्या आधी १८९९ चा मुलगा येऊन बसला. (जाता जाता : एक्सेल १९०० साली २९ फेब्रुवारी होता असे मानते. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्राममधील ही चूक मेळ राहावा म्हणून जाणूनबुजून जपण्यात आली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये लावून दिलेल्या नियमानुसार तो दिवस कधी उगवलाच नाही!)

दोष मुलांना देण्याची माझी इच्छा नाही. मी त्यांच्याकडून प्रथम वर्षाच्या वह्या आणि प्रश्नपत्रिका मागवून घेतल्या आणि चाळल्या. संगणकाच्या पिढ्या किती? रॅमचे संपूर्ण नाव लिहा. आदान आणि प्रदान साधनांमधील फरक स्पष्ट करा. अक्षर ठळक करण्यासाठी कोणत्या दोन कळा दाबाव्यात? याची उत्तरे पाठ केली की पास. सेमिनरीत असताना लॅटिनची रूपे घोकून परीक्षा उत्तम गुणांनी पार करणारे आणि पुढे संत ऑगस्टीनचे एक पानही स्वतःच्या बळावर न वाचलेले माझे काही सोबती मला आठवले. त्यांना कोणी लॅटिन-साक्षर म्हणणार नाही. मग केवळ कळा दाबता येणाऱ्याला संगणक-साक्षर का म्हणावे?

यावर काही प्राध्यापक मित्र म्हणतात, "फादर, हल्लीची मुले मोबाइल हातात घेऊनच जन्माला येतात. त्यांना प्राथमिक काय शिकवायचे? विषयच काढून टाकावा." मला हे मान्य नाही. मोबाइलने मुलांना बोट सरकवायला शिकवले आहे. फाइल नेमकी कोठे ठेवली, तिची दुसरी प्रत आहे की नाही, तीच फाइल दोघांनी बदलली तर खरी कोणती, हे मोबाइल त्यांच्यापासून झाकून ठेवतो. दुसरे म्हणतात, आता यंत्राला प्रश्न विचारला की तेच सारे करून देते. करील बापडे! परंतु मे महिन्यात ओटीपर्यंत पाणी येत नाही, हा प्रश्न यंत्राने विचारला नव्हता. तो सातवी शिकलेल्या बाईने विचारला. एका यंत्रावर तीन-तीन मुले बसवून शिकवणाऱ्या शिक्षकांची अडचण मात्र मी समजू शकतो. त्यांना दिलेला अभ्यासक्रमच तसा आहे.

मला विचाराल तर या विषयाची पहिली परीक्षा एकाच प्रकारे घ्यावी. विद्यार्थ्यापुढे चुका असलेला तक्ता ठेवावा आणि म्हणावे, यातील खोटे शोधून दाखव. बेरीज सूत्राने केली आहे की गणकयंत्रावर करून हाताने लिहिली आहे? आकडा बदलल्यावर बेरीज बदलते का? रॅमचे संपूर्ण नाव विसरले तरी चालेल.

दुसरी गोष्ट मराठीची. मी पाहिलेल्या वह्यांत मराठी टंकनाविषयी एक ओळही नव्हती. आमच्या चर्चच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर एका जुन्या फॉन्टमध्ये टंकित झालेला होता. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, वर फक्त मराठी आकृतीचा मुखवटा असतो. दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली तर निव्वळ खिचडी! युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी आहे. तरीही पदवीच्या उंबरठ्यावरच्या मुलांना हा फरक ठाऊक नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमी लिपीत छापावे लागले, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आज खिळे प्रत्येकाच्या खिशात आहेत आणि आमची मुले घरच्यांनाही 'काय करतेस' हे रोमी अक्षरांत लिहितात.

पालकांनाही थोडे बोलतो, त्यांनी राग मानू नये. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटीसारखे प्रमाणपत्र लागते, म्हणून ते घ्यावेच. परंतु प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्यावर मुलाला एकदा घरखर्चाचा तक्ता करायला सांगा आणि त्याच्याजवळ बसा. बँकेचे कर्ज फेडताना व्याज किती आणि मुद्दल किती, हे त्याला सूत्राने काढू द्या. नाही जमले, तर महाविद्यालयात जाऊन विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. फी तुम्ही भरली आहे.

आमच्या नोंदी यंत्राकडूनच उलट फिरवून घेता येतील असे मला प्रथम वाटले होते. पण काम दोन संगणकांवर झाले होते आणि दुसऱ्याची मांडणी भारतीय होती. कोणती नोंद कोणत्या यंत्रावर झाली, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्यामुळे प्रत्येक तारीख मूळ वहीशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. तीच सहा मुले दर शुक्रवारी संध्याकाळी येतात. एक वही वाचतो, दुसरा पडदा पाहतो. आता दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने केले आहेत. ही युक्ती त्यांच्यातल्याच एका मुलीने सुचवली, मी नव्हे. १९४१ पर्यंत आम्ही पोहोचलो आहोत. त्या भगिनींना नवा दाखला दिला तेव्हा त्यांनी तो तेथेच, माझ्यासमोर, दोनदा वाचला.