मालकाचे दायित्व, भाडेकरूचा हक्क
भाडे वेळेवर चुकते करणारा मनुष्य, छत गळू लागले म्हणजे, घरमालकापुढे याचकासारखा उभा राहतो, हे मुंबई-पुण्यात इतके नित्याचे झाले आहे की, 31 मार्च 2000 पासून अंमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने, कराराने अन्यथा ठरले नसेल तर, घर सुस्थितीत राखण्याचे दायित्व मालकाच्याच शिरावर ठेवले आहे, याचे उभयपक्षी विस्मरण झालेले दिसते. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने हयगय केली, तर भाडेकरूस स्वतः डागडुजी करून तो खर्च, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाच्या मर्यादेत, भाड्यातून वळता करून घेता येतो. आणि पाणी, वीज, जिन्यातील दिवे वा सफाई न्याय्य कारणावाचून तोडणे, जे भाडेकरूस हुसकावण्याचे सर्वांत निर्दय साधन होय, ते तर या कायद्याने दंडनीय ठरविले आहे. करारनाम्याची नोंदणी करण्याची जबाबदारीही मालकाचीच. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पावती देणेही मालकास बंधनकारक आहे. तेव्हा, वाचकहो, भीड न धरता ती दरमहा मागून घ्या आणि जपून ठेवा.