पोरींचे मैदान कोणी पळविले?

दिवाळीचा फराळ पुढे असताना भांडण काढू नये, हे मला कळते. पण परवा आमच्या बेलापुरात, प्रवरेकाठच्या एका ओसरीवर जे ऐकले ते चकलीबरोबर घशाखाली उतरेना, म्हणून लेखणी उचलली.

त्या घरची चौदा वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी खो-खोत साऱ्या गल्लीला पळवीत असे. आता कोपऱ्यात गप्प. "खेळायला का गं जात नाहीस?" मी विचारले. उत्तर आजीने दिले, "उन्हात रंग रापतो, बाई. उद्या पाहुणे रंग बघतील, खो-खो नाही!"

वा रे न्याय! आधी पोरीचे मैदान काढून घ्यायचे आणि मग "हल्ली घुमी झाली" म्हणून अंगारे-धुपारे करायचे!

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना. म्हणजे तिकडच्या काळ्या माणसांशी आपले नाते जुने. त्याच अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले, की सोळा-सतरा वर्षांच्या काळ्या मुलींपैकी ५६ टक्के मुली फावल्या वेळात नेमाने कसलाच खेळ वा व्यायाम करीत नव्हत्या. गोऱ्या मुलींत हेच प्रमाण ३१ टक्के. जिच्यावर ओझे जास्त, तिचेच मैदान आधी जाते! आमच्याकडे तर रंगाच्या जोडीला जात आणि गरिबीही आहे. आईबरोबर उसाच्या फडात जाणाऱ्या पोरीला "ऊन लागेल" असे कोणी म्हणत नाही. ऊन मोळीला चालते, खेळाला चालत नाही!

कोणी म्हणेल, घरकाम हाच पोरींचा व्यायाम. अहो, हंड्याने पाठ दुखते. मन हलके होते ते मैत्रिणींबरोबर आपल्या मर्जीने धावल्याने. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. मंगळागौरीच्या रात्री फुगडी-झिम्मा घालून सासुरवाशिणी मोकळ्या होत, ते काय उगीच? नेमाच्या व्यायामाने उदासी आणि काळजी कमी होते, असे आता संशोधकही सांगतात. जागतिक आरोग्य संघटना वाढत्या मुलामुलींसाठी दिवसाला सरासरी एक तास अंगमेहनतीचा खेळ मागते. उदासी खोल असेल तर डॉक्टर हवाच. पण मैदान बंद करून डॉक्टर शोधणे हा शहाणपणा नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आपल्याला आनंद झाला, तो योग्यच. पण मी पदके मागत नाही. जिला पदक कधीच मिळणार नाही, तिच्यासाठी रोजचा एक तास मागते. सोबत शिकविणारी एक बाई आणि मैदानाजवळ स्वच्छ शौचालय. एवढेही गावाला जड आहे काय?

जिल्ह्याला आपण अहिल्यादेवींचे नाव दिले. नाव राज्य चालविणाऱ्या बाईचे आणि कुंपण पोरीला, हे कसे शोभते?

तेव्हा भाऊरायांनो, संध्याकाळी मैदान अडवून बसता ते तुम्हीच. या भाऊबीजेला ओवाळणीत साडी थोडी हलकी घाला, पण अर्धे मैदान बहिणीला सोडा. आणि आजीबाई, रंग रापला तर रापू द्या. पोर हसली पाहिजे.