कुंपण आणि वाळीत

१९६०च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ उभे केले. प्रस्थापित मासिकांत ज्यांना जागा नव्हती, त्यांना हक्काचे घर मिळाले. त्या घरात कोणते लेखन घ्यायचे हे संपादकाने ठरवावे, याला कोणी मुस्कटदाबी म्हणत नाही.

मॅस्टडॉनसारख्या विकेंद्रित समाजमाध्यमांचा पाया हाच आहे. तेथे एक मालक नाही. सर्व्हर हजारो, प्रत्येकाचा चालक निराळा, नियम निराळे. नोव्हेंबर २०१९मध्ये ट्विटरने वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले, तेव्हा अनेक भारतीय तिकडे वळले. त्याच वर्षी ‘गॅब’ने मॅस्टडॉनची प्रणाली स्वीकारली आणि अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. द्वेषाला दार बंद करण्याचा हा अधिकार आम्हांस पूर्ण मान्य आहे. त्यावर ‘अभिव्यक्तीचा गळा घोटला’ अशी ओरड करणारे बोलण्याचा हक्क आणि दुसऱ्याच्या ओसरीवर बसण्याचा हक्क यांत गल्लत करतात.

परंतु येथेच थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नव्हे. संपादक नाकारतो तो एक लेख. चालक सर्व्हर तोडतो तेव्हा त्यावरील प्रत्येक जण, दोषी असो वा नसो, तोडला जातो. दोन्हीकडच्या वाचकांनी जोडलेले दुवे नाहीसे होतात. याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे : वाळीत टाकणे. जातपंचायतींच्या या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७मध्ये अमलात आला. तुलना ताणू नये हे आम्ही जाणतो. सर्व्हर बदलता येतो, जात बदलता येत नाही. तरीही खाते हलवताना अनुयायी सोबत येतात, लिहिलेले मात्र मागेच राहते. लेखकाला हे नुकसान किरकोळ नव्हे.

म्हणून आमचा आग्रह कुंपण पाडण्याचा नाही, कुंपणावर कारण लिहिण्याचा आहे. तोडलेल्या सर्व्हरांची यादी कारणांसह जाहीर करण्याची सोय मॅस्टडॉनमध्ये आहे; ती वापरणे चालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. पूर्ण तोडण्याआधी केवळ मर्यादा घालण्याची पायरीही आहे. ती ओलांडून थेट कुऱ्हाड चालवणाऱ्याने निदान स्वतःच्या वाचकांना उत्तर द्यावे.

लघुनियतकालिके प्रस्थापितांच्या मक्तेदारीविरुद्ध उभी राहिली. त्यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी नव्या माध्यमात तीच मुकी सत्ता चालकाच्या हाती निमूटपणे सोपवावी, हे आम्हांस मान्य नाही.