जुन्या कन्व्हर्टरला नवा स्ट्रीमर : आधी पन्हा मोजा

ध्वनियंत्रांच्या बाजारात सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. घरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांतून आवाज घडविणारी पेटी (बाजारात तिला डॅक म्हणतात), सुस्थितीत असली तरी गिऱ्हाइकाला सांगतात की, गाणी आता इंटरनेटवरून येतात; ही मोडीत काढा आणि सर्व काही आत असलेला महाग स्ट्रीमर घ्या. आम्हाला हे पटत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. नवे सूत आले म्हणून चालता माग कोणी भंगारात घालत नाही, एवढे आम्हास कळते.

स्ट्रीमरचे काम हमालाचे आहे. इंटरनेटवरून वा घरच्या डिस्कवरून गाण्याचे आकडे उचलायचे आणि कन्व्हर्टरच्या दारात बिनचूक टाकायचे. आवाज घडतो तो पुढे. मग चांगला कन्व्हर्टर ज्याच्या घरी आहे, त्याने स्ट्रीमरच्या पोटातील दुसऱ्या कन्व्हर्टरचे पैसे का मोजावेत?

मात्र पन्हा आधी मोजला पाहिजे. ४८ इंची मागावर ६० इंची कापड निघत नाही. १९९० च्या सुमारास बनलेले अनेक कन्व्हर्टर ४८ किलोहर्ट्झपर्यंतचाच माल घेतात; त्यांतील सीएस ८४१२ सारखी चिप ९६ घेतच नाही. सीडीचे माप १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, ते सुखाने आत जाते. पण आजच्या काही संगीत सेवा ९६ वा १९२ चाही माल पाठवितात. तो तसाच दारात आला की पेटी मुकी होते आणि गिऱ्हाईक समजते, पेटी बिघडली. दुरुस्तीचे काम करणाऱ्या कारागीर बंधूंनी हे जरूर ध्यानात ठेवावे. स्क्रू खोलण्यापूर्वी आत कोणत्या मापाचा माल येतो आहे ते पाहावे. गरिबाचे पैसे वाचतील.

म्हणून दुकानदाराला पहिला सवाल हाच : बाहेर जाणाऱ्या आकड्यांवर ४८ ची मर्यादा घालता येते काय? वीम कंपनीच्या स्ट्रीमरमध्ये ही सोय ॲपमध्येच आहे. दुसरा सवाल दाराचा. वीम मिनीला प्रकाशावर चालणारे ऑप्टिकल दार आहे, कोअ‍ॅक्शियल नाही. वीम प्रोला दोन्ही आहेत. आपल्या कन्व्हर्टरच्या पाठीमागे काय आहे ते घरून पाहूनच निघावे.

स्ट्रीमरचा आवाज पूर्ण १०० वर बांधून ठेवावा, कमीजास्त करणे ॲम्प्लिफायरवर. आकड्यांतच आवाज उतरविला तर दर ६ डेसिबलला सुमारे एक बिट खर्ची पडतो. १६ बिटांच्या जुन्या पेटीला ही उधळपट्टी परवडत नाही.

आता पैशाची बाब. कन्व्हर्टर टिकाऊ माल आहे, स्ट्रीमर फॅशनचा. गुगलने २०१५ मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ आणला; स्वस्त, आणि ऑप्टिकल दार असलेला. २०१९ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्सचा धंदा २०१२ मध्ये गुंडाळला आणि २०२४ मध्ये त्याची इंटरनेट सेवाही बंद केली. तरी स्क्वीझबॉक्स आजही वाजतो, कारण त्याचा सर्व्हर-प्रोग्राम खुला आहे आणि लायरिअन या नावाने जाणकार मंडळी तो चालवीत आहेत. कंपनीने हात झटकले तरी यंत्र चालेल काय, हे विचारल्याशिवाय मोठी रक्कम गुंतविणे आम्हास व्यापार वाटत नाही.

आमचा हिशेब असा : स्ट्रीमर साधा घ्यावा, पाच-सात वर्षांत बदलावा लागेल असे धरून. उरलेल्या पैशातून एखाद्या चांगल्या कारागिराकडून कन्व्हर्टरचे सुकलेले कॅपॅसिटर बदलून घ्यावेत. आणि खरेदीला जाताना कन्व्हर्टर बगलेत मारून न्यावा. दुकानात जोडून आधी सीडीच्या मापाची एक गझल, मग १९२ ची एक, दोन्ही वाजवून दाखवा म्हणावे. दुसरी वाजली नाही आणि विक्रेत्याला मर्यादा घालायची जागा सापडली नाही, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.