हक्क कागदावर, मूल घरात

कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्या भाषेत तो पोहोचत नसेल, तर तो कोणाचा? अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबांतील स्वमग्न मुले वयात येतात तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. मूल १६ वर्षांचे होईपर्यंत शाळेने त्याच्या पुढील आयुष्याचा आराखडा करावा, बैठकीत पालकांना दुभाषा द्यावा, असे तेथील कायदा सांगतो. शाळा सुटली की हा कायदा थांबतो. कॅलिफोर्नियात १९६९ च्या लॅन्टरमन कायद्यामुळे आजन्म सेवा मिळते. तरीही लॅटिनो व्यक्तीवरील सरासरी खर्च गोऱ्यांपेक्षा कमी, हे शासनाचेच आकडे वर्षानुवर्षे सांगत आले.

‘पालकच अडाणी’ म्हणून व्यवस्था हात झटकते. हे आपल्या ओळखीचेच आहे! पण लॉस एंजेलिसमध्ये १९७८ साली अशाच पालकांनी व कार्यकर्त्यांनी ‘फिएस्टा एज्युकातिवा’ उभारली आणि स्पॅनिशमधून हक्क शिकविले. संघटनेचा हाच मार्ग बाबासाहेबांनी आपल्याला दाखविला.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार १८ वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. वस्तीतल्या किती आईबापांना हे ठाऊक आहे? विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास या कायद्याच्या वाचनाला द्या.