मन खंबीर करा म्हणे!



आम्ही पाचसहा कार्यकर्ते मध्यंतरी ठाण्याला गेलो होतो. आपल्या जिल्ह्यातली बरीच पोरे आता तिकडे आहेत. कोणी सोसायटीच्या फाटकावर उभा राहतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी भिवंडीच्या गोदामात माल चढवतो. त्यांची बैठक होती. ती आटोपून टेंभी नाक्यावर चहा घेत उभे असताना एका मुलाने हातात कागद दिला. 'तणावावर मात करा. खंबीर मन, यशस्वी जीवन. दोन दिवसांचे शिबिर.' खाली फीचा आकडा. तो वाचून आमच्यातला एकजण मोठ्याने म्हणाला, "म्हणजे दोन क्विंटल ज्वारी विकली की मन खंबीर!" सगळे हसले. रिक्षा चालवणारा आपला एक पोरगा तेवढा हसला नाही. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबा दोन महिन्यांपासून कोणाशी बोलत नाहीत. वावरात जात नाहीत. रात्रभर बाजेवर बसून राहतात. आई फोनवर रडते. तुम्ही तर गावातच आहात ना?"

आम्ही गावातच होतो. आम्हाला ठाऊक नव्हते. त्याचा बाप आमच्या प्रत्येक सभेला येतो आणि मागच्या ओळीत बसतो. घोषणेला हात वर करतो आणि घरी जातो.

त्या दिवसापासून आमचे दोघांशी भांडण सुरू आहे. एक सरकारशी आणि दुसरे आमचे आमच्याशीच. आज दोन्ही तुमच्यासमोर मांडतो.

जू तसेच, उपदेश बैलाला

सरकारला शेतकऱ्याच्या मनाची आठवण झाली ती २०१५ साली. विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. आशाताईंनी घरोघर जायचे, प्रश्न विचारायचे, खचलेला माणूस हेरायचा आणि त्याला समुपदेशनासाठी पाठवायचे. योजना वाईट नव्हती. आशाताईंचे पाय तुटले, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की ज्या सरकारने माणूस हेरायला आशाताई पाठवली त्याच सरकारने माणूस खचवायचे काम एक दिवसही थांबवले नाही.

लांबचे कशाला, २०२५ चा हंगाम घ्या. केंद्राने हमीभाव जाहीर केला. लांब धाग्याचा कापूस ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. आम्ही सरकी टोबली, डवरणी केली, निंदण केले, खत टाकले. पऱ्हाटीला बोंडे धरू लागली आणि १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरची ११ टक्के आयात ड्यूटी काढून टाकली. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत. मग म्हणाले ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमचा कापूस वेचून बाजारात येईस्तोवर! कापड गिरण्यांना स्वस्त रुई हवी, ती मिळाली. आमच्या गाड्या खरेदी केंद्रावर गेल्या तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर, परत न्या. आधी मोबाईलवर नोंदणी केली नाही, परत न्या. गाडीभाडे अंगावर घेऊन तोच कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकला. ज्वारीची गत याहून वेगळी नाही. काढणीच्या वेळी पाऊस आला की कणीस काळे पडते आणि काळ्या दाण्याला हमीभाव नसतो.

अशा माणसाला रात्री झोप लागत नसेल तर त्याच्या मनात बिघाड आहे असे म्हणायचे? ज्याचा हिशेब दर वर्षी तुटीत जातो आणि तरीही जो गाढ झोपतो, खरे तर त्याची तपासणी करायला हवी. बैलाच्या मानेला जू घासून जखम झाली तर शहाणा शेतकरी आधी जू उतरवतो, मग हळद लावतो. आमच्या बाबतीत जू तसेच आहे आणि बैलाला सांगतात, मन खंबीर कर.

ठाण्या-डोंबिवलीच्या लोकलमध्ये लोंबकळत जाणाऱ्या नोकरदारालाही ताण आहे. त्याची थट्टा आम्हाला करायची नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. नोकर थकला तर कंपनीचे नुकसान होते, म्हणून कंपनी त्याला शिबिराला पाठवते. शेतकरी थकला तर नुकसान कोणाचे? थकलेला, अडलेला, तगाद्याने हैराण झालेला शेतकरीच सर्वांत स्वस्त कापूस विकतो. आमचा थकवा हा कोणाच्या तरी नफ्याचा भाग आहे. म्हणून त्यावर इलाज करायची कोणाला घाई नाही.

टेंभी नाक्याहून ठाणे स्टेशन जवळच आहे. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी तिथवर आली. तेच रूळ पुढे कल्याणवरून वऱ्हाडात पोचले. ते आमच्या सोयीसाठी पोचले नव्हते, आमचा कापूस विलायतेच्या गिरण्यांसाठी बंदरावर न्यायला पोचले होते. आज त्याच रुळांवरून कापूस पिकवणाऱ्याची पोरे ठाण्याला येतात, कारण कापसावर घर चालत नाही.

मेल्यावर तपासणी

मन जिवंत असताना विचारपूस नाही. मेल्यावर मात कागदांची चळत लागते. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ते गावचे मोठे शेतकरी होते, भजनात रमणारे होते. मनाने कच्चा माणूस असे त्यांना कोण म्हणेल? २०१७ पासून दर १९ मार्चला राज्यभरातले किसानपुत्र आणि शेतकरी त्यांच्या आठवणीत उपवास करतात.

या घटनेनंतर वीस वर्षांनी, २३ जानेवारी २००६ ला, शासनाने मदतीचा निर्णय काढला. मदत एक लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. पण आधी तपासायचे, जमीन नावावर होती का? कर्ज बँकेचे किंवा परवाना असलेल्या सावकाराचे होते का? वसुलीचा तगादा होता का? एक उत्तर चुकले की माणूस 'अपात्र'. बाईच्या नावावर सातबारा नसतो. म्हणून जन्मभर वेचणी करून जिची बोटे चिरली ती बाई कागदावर शेतकरीच नाही. नवरा गेल्यावर कर्ज तिचे, लेकरे तिची, सासू-सासरे तिचे. तिच्या थकव्याचा रकाना कोणत्याही फॉर्ममध्ये नाही. आणि खरे बोलायचे तर आमच्या ठरावांतही तो नव्हता.

आता आमची चूक

सरकारला बोलणे सोपे असते. आता स्वतःकडे वळतो.

वर्षानुवर्षे आम्ही सभांतून सांगत आलो, भाव मिळाला की सगळी दुखणी आपोआप बरी होतील. समुपदेशनाचे नाव कोणी काढले की आम्ही त्याची टर उडवली. म्हटले, आम्हाला डॉक्टर नको, दाम हवा. टाळ्या पडल्या. पण मागच्या ओळीत बसलेल्या माणसाने त्यातून काय ऐकले? त्याने ऐकले की झोप लागत नाही, छाती धडधडते, जगावेसे वाटत नाही, हे बोलायची ही जागा नाही. भावाची लढाई दहा वर्षांनी जिंकू, वीस वर्षांनी जिंकू. त्या माणसाला आजची रात्र काढायची होती.

दुसरी गोष्ट लाजेची. आपल्याकडे कोणी जरा वेगळे वागला की 'नागपूरला न्या' म्हणतात. पश्चिमेकडे 'ठाण्याला न्या' म्हणतात. दोन्ही गावांत मनोरुग्णालये आहेत, ठाण्याचे तर १९०१ सालचे. त्या चेष्टेपायी हजारो माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि मनाचे दुखणे हे दुखणेच आहे, त्यात लाज कसली, हे लोकांना सांगायला सुरुवात केली. शहरात ही गोष्ट निदान बोलली तरी जाते. आमच्या पारावर अजून ती कुजबुजीतच अडकली आहे.

कोणी म्हणेल, खेड्यात हे कसे जमणार? जमले आहे, तेही कापसाच्या मुलखात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावपातळीवरच्याच माणसांना शिकवले. कोणाचे ऐकून कसे घ्यायचे, धीर कसा द्यायचा, डॉक्टरकडे कधी न्यायचे, एवढेच. गंभीर दुखण्याला मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला उदासीने ग्रासलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कोणाची मदत घेत होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत ते सत्तावीस झाले. जीव देण्याचे विचार मनात येऊन गेलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्के होते, ते २.५ वर आले. २०१७ साली हे निष्कर्ष वैद्यकाच्या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. त्या माणसांच्या हातात भाव नव्हता आणि कर्जमाफीही नव्हती. त्यांनी दार वाजवले आणि ऐकून घेतले.

याचा अर्थ भावाची मागणी सोडायची असा कोणी घेऊ नये. याचा अर्थ इतकाच, की लढायला माणूस जिवंत राहिला पाहिजे, आणि त्याला जिवंत ठेवणे हेही चळवळीचेच काम आहे. खंबीरपणा ही एकट्याने छातीत साठवायची वस्तू नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी दुष्काळ काढले ते एकेकट्याने काढले नाहीत. सावड होती, इर्जिक होते. एकाचे वावर पडले तर चार औते येऊन उभी राहत. आता औते गेली, ट्रॅक्टर भाड्याने येतो आणि प्रत्येकजण आपापल्या कर्जासह आपापल्या घरात कोंडला गेला आहे. वावराची सावड मोडली ती मोडली, मनाची तरी पुन्हा बांधू या.

या हंगामापासून काय करायचे

एक. प्रत्येक गावशाखेने दोन माणसे नेमावीत, एक पुरुष आणि एक बाई. जो सभेला यायचा थांबला, वावरात जायचा थांबला, जास्त पिऊ लागला, बैल किंवा वस्तू वाटून टाकू लागला, 'आता माझी गरज नाही' असे म्हणू लागला, त्याच्या घरी त्याच दिवशी जायचे. उपदेश करायचा नाही. बसायचे आणि ऐकायचे.

दोन. 'जीव द्यावा असे मनात येते का?' हे सरळ विचारायचे. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडायचे नाही.

तीन. फवारणीचे औषध घरात ठेवायचे नाही. गावात एका जागी कुलपात ठेवायचे आणि किल्ली दोघांकडे.

चार. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे, तिथे सोबत जायचे. १४४१६ हा सरकारचा फुकट फोन आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. नंबर शाखेच्या फलकावर रंगवा.

पाच. तगादा आला तर एकट्याने तोंड द्यायचे नाही. बँकेत चौघांनी जायचे. वसुलीवाला चौघांसमोर वेगळ्या आवाजात बोलतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

सहा. जिल्हा बैठकीची पहिली अर्धी घटका भाषणाला नाही. मागच्या ओळीला पुढे बसवायचे आणि त्यांना बोलू द्यायचे.

त्या रिक्षावाल्या पोराचे वडील आता कसे आहेत, हे विचाराल. ठाण्याहून आल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. दोन संध्याकाळी ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "तुम्ही भाषण करता, पण विचारले कोणी नव्हते." त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले, गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली. बँकेत त्यांच्यासोबत आम्ही गेलो. कर्ज आहे तेवढेच आहे. पण माणूस वावरात जातो.

सरकारला आमचे सांगणे एकच. आमची मने खंबीर करायची काळजी तुम्ही करू नका, ती आम्ही करू. तुम्ही तेवढा आमच्या गळ्यावरचा पाय काढा. बोंडे फुटताना आयातीची दारे उघडू नका, हमीभाव द्यायचा तर काट्यावर द्या, कागदावर नको. आणि भावांनो, आजची बैठक संपल्यावर घरी जाताना एका दारावर थांबा. ज्याच्याशी बरेच दिवस बोलला नाहीत, त्याच्या.