उन्हाआधी तळपाय बघा

ऑस्ट्रेलियात आलेल्या माणसाच्या मनात त्वचेच्या कर्करोगाची भीती फार लवकर शिरते. १९८१ साली आलेली 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही जाहिरात इथे अजून तोंडपाठ आहे. टोपी नसेल तर शाळा पोरांना मैदानावर सोडत नाही. सत्तरी गाठेपर्यंत इथल्या दर तिघांतल्या दोघांना त्वचेचा कुठला तरी कर्करोग होतो, तेव्हा ही भीती रास्तच. मग डिसेंबरात गावी जाताना आपण बॅगेत सनस्क्रीनच्या बाटल्या कोंबतो आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणाऱ्या काकांच्या हातात ठेवतो. काका हसून त्या फडताळात टाकतात. काकांचं फारसं चुकत नाही, असं माझं मत आहे.

आपल्या कातडीतलं मेलॅनिन उन्हाचा बराच मारा झेलतं. भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक टक्क्याच्याही आत धरला जातो. घोळ यापुढे होतो. 'आपल्याला हा रोग होतच नाही' असं आपण धरून चालतो, आणि ज्या जागी तो आपल्याला होतो तिथे कुणी बघतच नाही.

कंबरेचंच घ्या. टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाईंसोबत १९४५ साली धोतराच्या कर्करोगाची नोंद केली: घट्ट कासलेल्या धोतराखाली वर्षानुवर्षं कातडी घासून उद्भवलेला. २०२४च्या नोव्हेंबरात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन वयस्क बायकांची प्रकरणं छापली. एकीची परकराची नाडी घट्ट असायची, दुसरी चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं कसून नेसत होती. दोघींच्या कुशीवरची जखम दीड-दोन वर्षं भरत नव्हती, आणि दुसरीचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. जुन्नर-आंबेगावात नऊवारी नेसणाऱ्या आज्या अजून आहेत. कंबरेला पडलेला काळा, चकचकीत करकोचा त्यांना अंगाचाच भाग वाटतो. हा कर्करोग दुर्मीळ आहे, लुगड्याला घाबरायचं कारण नाही. नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी, गाठीची जागा बदलत राहावी. करकोच्यावर जखम झाली आणि भरेना, तर मात्र हळद दाबून बसू नये.

तळपायाचं प्रकरण याहून वाईट. मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग. गोऱ्यांना तो बहुधा उन्हाने भाजलेल्या अंगावर होतो. आपल्यासारख्यांत त्याची आवडती जागा म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखालची कातडी. तिथे ऊन फारसं पोचत नाही, म्हणून सनस्क्रीनही कामाचं नाही. भीमाशंकरच्या पायथ्याच्या गावांत भातलावणी अनवाणी, चिखलात चालते. तळव्यावर काळा डाग दिसला की 'काटा मोडला असेल' किंवा 'ठेच लागून रक्त साकळलंय' ही दोन निदानं तयार असतात. कुरूप समजून ब्लेडने तासतात, वर बिब्ब्याचा चटका देतात. चटक्याने कातडी काळी पडते, आणि मग डाग मूळचा कुठला नि भाजल्याचा कुठला, हे डॉक्टरलाही कळेनासं होतं. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेलाही आधी फुटबॉलचा मार समजले होते. १९७७ मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं, १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं आणि काही महिन्यांत निघून जातं. रुंदावत जाणारा, नखाच्या मुळाशी कातडीवर पसरणारा काळा पट्टा तसा सरकून जात नाही. तो दाखवायलाच हवा. लहानपणी चुलीवर भाजल्याचा जुना व्रण दोन-तीन दशकांनी पुन्हा फुटला, तर तोही. आणि नाकावरचा किंवा डोळ्याजवळचा काळसर, चकचकीत मस, जो खपली धरतो आणि परत रक्ताळतो, तोसुद्धा. कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही की दवाखाना गाठायचा.

इथे गावाकडची जुनी समजूत आडवी येते: 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो.' ही समजूत किती जणांना महागात पडली असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तुकडा तपासायला दिल्याने रोग पसरत नाही. न तपासता घरी ठेवलेला पसरतो. एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना मेलॅनोमा काढला तर माणूस बहुधा वाचतो. आणि सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविका आजीचा तळपाय बघतील या भरवशावर राहू नये.

उन्हाची काळजी सोडा असं मी म्हणत नाही. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना टोपी हवीच, आणि जन्मतःच अंगात रंग कमी असलेल्यांना तर गावीसुद्धा उन्हापासून जपलंच पाहिजे.

पण इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या आरोग्य शिबिरात गोऱ्या पाठीवरच्या तिळांची चित्रं दाखवून आपलं भागणार नाही. पुढच्या वेळी त्वचारोगतज्ज्ञांना सावळ्या तळव्यांची आणि नखांची छायाचित्रं आणायला सांगा. आणि रविवारी ओतूरला, घोडेगावला व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा जेवण झालं का विचारून झाल्यावर म्हणा, "आई, जरा पाय वर कर, तळवे दाखव." काही काळं दिसलं तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट ससूनला त्याच आठवड्यात पाठवा, डिसेंबरात आपण जाऊ तेव्हा बघू असं म्हणू नका.